गुंडूला अकरा टाके

पहाटे साडेपाचला नळाला पाणी आलं, की धाकू पालव आपल्या मुलाला उठवायचे ते सापाकरवी.

"गुंडू, तेका सांग, पाणी इला."

गुंडू म्हणजे माळ्याच्या फळीवर वेटोळं घालून पडलेली साडेतीन फुटी धामण. गुंडू अर्थातच कुणाला काही सांगत नसे. पण फळीच्या खाली झोपलेला चंद्रप्रकाश ते ऐकायचा, उठायचा, बादल्या उचलायचा आणि जाताजाता फळीकडे बघून म्हणायचा, "गुंडू, अण्णांना सांग, उठलो." नाहूरच्या त्या बैठ्या चाळीत बापलेकांचा सगळा कारभार गेले चौदा महिने असा सापामार्फत चालला होता. सुरुवातीला तो अनुपमामार्फत, म्हणजे चंद्रप्रकाशच्या बायकोमार्फत चालवून बघितला. चौथ्या दिवशी तिने दोघांनाही स्वच्छ सांगितलं, "मी काय पोस्टमन नाही. ज्याला बोलायचं असेल त्याने तोंड उघडून बोलावं." साप तसं काही म्हणाला नाही, म्हणून ते काम त्याच्याकडे गेलं.

भांडण झालं होतं फणसावरून. अण्णांनी गावाहून आणून दारात लावलेल्या फणसाला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत त्या झाडाने पानं दिली, सावली दिली, कावळ्यांना बसायला फांद्या दिल्या. फणस मात्र एक दिला नाही. चंद्रप्रकाश अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. घराला स्वतःची न्हाणी असावी, बायकोला आंघोळीसाठी रांगेत उभं राहायला लागू नये, एवढीच त्याची इच्छा. त्याने सुबक नकाशा काढला. नकाशात सगळं बसत होतं, फक्त फणस बसत नव्हता. अण्णा शिमग्याला गावी गेले आणि इकडे फणस आडवा झाला. परत आल्यावर अण्णांनी पडलेल्या फांद्या एकेक करून उलथल्या, तर एका फांदीच्या बेचक्यात मुठीएवढा कोवळा फणस. पहिलाच. अण्णांनी तो हातात घेतला, मुलाकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

त्याच फणसाच्या बुंध्यातल्या ढोलीतून करंगळीएवढ्या जाडीचं धामणीचं पिल्लू बाहेर पडलं होतं. "तुझाव घर मोडला काय रे?" असं म्हणून अण्णांनी त्याला धोतराच्या सोग्यात उचलून घरात आणलं. कोकणात घरात आलेल्या सापाला राखणदार म्हणतात आणि राखणदाराला कोणी हाकलून देत नाही. चाळीतल्या लोकांनी आधी थोडी आरडाओरड केली. मग नाल्याकडून येणारे उंदीर कमी झाले, तशी आरडाओरडही कमी झाली.

अबोला धरायला काही अक्कल लागत नाही. तो चालवायला मात्र फार लागते. अण्णा रात्रीची जेवणं झाली की फळीखाली बसून गुंडूला गोष्टी सांगत. गिरणीतला पहिला दिवस, मागांच्या आवाजाने आठवडाभर आलेलं बहिरेपण, चंद्रप्रकाशची आई पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा दादरच्या पुलावर हरवली होती ते. चंद्रप्रकाश भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा आणि शब्द न् शब्द ऐकायचा. तीस वर्षांत बापाबद्दल जे त्याला कळलं नव्हतं, ते त्याला या चौदा महिन्यांत कळलं. आपल्याकडे वळून बापाने एकदा तरी, शिवी देऊन का होईना, बोलावं, असं त्याला फार वाटे. पण ते सांगायचं तर सापालाच सांगावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस त्याला होत नव्हतं.

एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यातला तो शुक्रवार. चंद्रप्रकाशच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची. अण्णा रिकाम्या बाटल्या घेऊन दुधाच्या केंद्रावर गेले होते. चंद्रप्रकाश दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन न्हाणीत शिरला आणि सवयीप्रमाणे मागच्या मागे पायाने पत्र्याचा दरवाजा ढकलला. दरवाजा रोज 'धाड्' करून लागायचा. आज तो आवाज आला नाही.

त्याने वळून बघितलं. उकाड्याने हैराण होऊन गुंडू न्हाणीच्या उंबऱ्यावर ओलाव्याला येऊन पडला होता. पत्र्याची कड त्याच्या अंगात मधोमध रुतली होती.

बादल्या कुठे ठेवल्या, पाणी कुठे गेलं, चंद्रप्रकाशला काही कळलं नाही. त्याने दरवाजा ओढला आणि तो गुंडूपाशी ओल्या फरशीवर बसला. गुंडूच्या कुशीला वीतभर लांब जखम उघडी पडली होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. अनुपमा धावत आली आणि तोंडावर पदर धरून उभी राहिली.

"मेला?"

"नाही. अजून नाही. अनु, अण्णांना काय सांगू?"

अनुपमा बाई व्यवहारी. तिने क्षणभर विचार केला. "सांगा, बोक्याने धरलं. मार्सेलिना आंटीचा सायमन. कालच आपला बांगडा पळवलाय त्याने."

"अगं, पण खोटं कसं..."

"मग खरं सांगा. फणस तुम्ही तोडलात, त्याच्या जागेवर न्हाणी तुम्ही बांधलीत, आणि त्याच न्हाणीच्या दरवाजात राखणदाराला तुम्ही चिरडलंत. सांगा ना, कोण नको म्हणतंय?"

चंद्रप्रकाशने बोक्याची निवड केली. मात्र ऐन वेळी एक अडचण उभी राहिली. अण्णा दारात आले, त्यांनी हातातल्या दुधाच्या बाटल्या उंबऱ्यावरच ठेवल्या, आणि चंद्रप्रकाशच्या लक्षात आलं, की आपण बापाशी बोलत नाही. चौदा महिन्यांच्या सवयीने त्याची मान आपोआप खाली वळली आणि तोंडातून शब्द गेले,

"गुंडू, अण्णांना सांग... तुला बोक्याने धरलं."

सापाला पापण्या नसतात. तो चंद्रप्रकाशकडे एकटक बघत राहिला.

अण्णा खाली बसले. त्यांनी गुंडूला अलगद मांडीवर घेतलं आणि लहान मुलाच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. मग एकदम उठून ते ओटीवर गेले आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मार्शेलीन! तुझ्या बोक्यान माझो गुंडू मारल्यान!"

शेजारची मार्सेलिना पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मुलुंडच्या जुन्या गावठाणातली ही ख्रिस्ती बाई. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा बोका, एवढाच संसार.

"माझ्या सायमनने? अहो पालव, काय बोलता? चौदा वर्षांचा झाला तो. उडी मारून खुर्चीवर चढता येत नाही त्याला!"

"मगे बांगडो कसो पळवल्यान?"

"बांगडा काय उलटून मारतो का?" मार्सेलिना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दवाखान्यात नेताय ना त्याला? मी पण येते. सायमनला घेऊन येते. डॉक्टरला म्हणावं, जखम बघ, दात बघ, आणि जुळव. चाळीसमोर नाव घेतलंय तुम्ही, चाळीसमोरच साफ झालं पाहिजे."

चंद्रप्रकाश घाईने मध्ये पडला. "आंटी, कशाला उन्हातान्हाचं..."

"चंदू, तू मध्ये बोलू नको. तुझी काय चूक नाय यात."

हे वाक्य त्याला बोचलं, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. गुंडूला नेताना अंग वळलं तर जखम आणखी फाकणार होती. चंद्रप्रकाशने भिंतीवरचा टी-स्क्वेअर काढला. नकाशे काढायची ही लांब लाकडी पट्टी तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. अनुपमाने जुन्या सुती साडीच्या चिंध्या केल्या आणि तिघांनी मिळून गुंडूला डोक्यापासून त्या पट्टीवर सरळ बांधला. पट्टी तीन फुटांची, साप साडेतीन. शेपटीचा अर्धा फूट बाहेर लोंबत राहिला.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी वर टाकलेला अण्णांचा पंचा उचलून बघितलं आणि ते खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथूनच त्यांनी सांगितलं, की आपण फक्त माणसांचे डॉक्टर असून भांडुपच्या पलीकडे तबेल्यांजवळ गुरांचा सरकारी दवाखाना आहे. मग रिक्षा. अनुपमा घरी राहिली; अण्णा, चंद्रप्रकाश आणि मार्सेलिना मागच्या सीटवर दाटीवाटीने, टी-स्क्वेअर तिघांच्या मांड्यांवर आडवा, त्यावर तोच पंचा, आणि मार्सेलिनाच्या पायाशी मासळीच्या टोपलीत सायमन. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "ये क्या है?" चंद्रप्रकाश म्हणाला, "ड्रॉइंगचं सामान." त्या दिवशीचं हे त्याचं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा ते फार सहज जमलं, याचंच त्याला वाईट वाटलं.

दवाखान्याच्या आवारात सात-आठ म्हशी बांधलेल्या होत्या. त्यांचे मालक झाडाखाली बसले होते. त्यांतला सगळ्यात धिप्पाड, भीमराज नावाचा गवळी, उठून पुढे आला.

"काका, पंच्याखाली काय?"

अण्णांना आयुष्यात खोटं बोलता आलं नाही. "धामण."

झाडाखालची माणसं तटकन उभी राहिली. धामण म्हशीच्या नाकात शेपूट घालते आणि म्हैस गुदमरून मरते, हे अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर वादही होत नाही. त्यातून पंच्याच्या बाहेर लोंबत होती ती नेमकी शेपूटच.

"मागे व्हा! मागे व्हा म्हणतो ना!" भीमराज दोन्ही हात पसरून म्हशीपुढे उभा राहिला. "पंधरा दिवसांत व्यायची आहे माझी म्हैस!"

"अरे, मराक टेकला हा जनावर," अण्णा म्हणाले. "ह्या कोणाच्या नाकात शेपूट घालतला?"

"मरतानाच जास्त डूख धरतात. शेपूट बांधा, नाहीतर आत येऊ देणार नाही."

"जखमी जनावराक आणखी बांधू? तुझ्या म्हशीचे पाय मोडले तर तू शिंगा बांधतंस?"

प्रकरण हातघाईवर येणार असं दिसलं, तसा चंद्रप्रकाश पुढे झाला. त्याने लोंबणारी शेपूट मुठीत घट्ट धरली. "मी धरतो. डॉक्टर सांगेपर्यंत सोडत नाही. झालं?" भीमराजने ती मूठ नीट तपासली, दोन बोटांमधून काही बाहेर येत नाही ना, बघितलं आणि वाट दिली. ज्याला आपण चिरडलं त्याची शेपूट हातात धरून, त्याच्या मागे मागे, चंद्रप्रकाश पायऱ्या चढला.

व्हरांड्यात टेबलाशी कुंडलिक नावाचा कंपाउंडर केसपेपर लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.

"जनावर?"

"साप."

"साप नाही यात. गाय, म्हैस, बैल, घोडा, शेळी, कुत्रा, मांजर."

"मांजर मी आणलंय," मार्सेलिना टोपली पुढे करून म्हणाली, "पण ते आजारी नाही. ते साक्षीदार आहे."

कुंडलिकने आता मान वर केली. त्याने टोपलीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. "साप दूध देतो का? ओझं वाहतो? काय उपयोगाचा ते लिहावं लागतं."

"निरोप नेतो," चंद्रप्रकाश म्हणाला. ते इतक्या गंभीरपणे म्हणाला, की कुंडलिकने ते लिहून घेतलं.

डॉक्टर कमल केणी चाळिशीच्या, कोपरापर्यंत हात धुतलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्या सापाला घाबरल्या नाहीत. त्यांनी चिंध्या सोडल्या, जखम बघितली, चंद्रप्रकाशच्या मुठीकडे बघितलं.

"शेपूट हलतेय हाताला?"

"हो. सारखी."

"मग कणा शाबूत आहे. दोनतीन बरगड्या मोडल्यात. ही मादी आहे."

"गुंडू?" अण्णा म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "असांदे."

"कशाने झालं?"

"बोक्यान धरल्यान."

"धरलं नाही!" मार्सेलिनाने सायमनला बखोटीला धरून बाहेर काढला आणि बोटांनी त्याचे ओठ फाकले. "बघा डॉक्टर. दोनच दात आहेत, तेपण समोरासमोर नाहीत. हा चघळतो. चावत नाही."

डॉक्टरांनी सायमनच्या तोंडात टॉर्च मारला. मग जखमेवर मारला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मला एक गोष्ट नक्की कळली पाहिजे. मांजराचा चावा असेल तर मी टाके घालू शकत नाही. मांजराच्या दातांत घाण असते. वरून शिवली की आत पू धरतो आणि जनावर जातं. चावा असेल तर जखम उघडी ठेवून औषध भरायचं. पण एवढी मोठी जखम या उन्हाळ्यात उघडी राहिली, तर वाचायची आशा थोडीच. कापलं किंवा चेंगरलं असेल, तर मी आत्ता शिवते, आणि बहुतेक वाचेल. कोणी पाहिलंय होताना?"

शेपूट चंद्रप्रकाशच्या मुठीत वळवळली.

"मी सुया उकळायला ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "दहा मिनिटं आहेत. आठवून बघा."

त्या आत गेल्या, आणि अण्णा उठले. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढली, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. चंद्रप्रकाशला पुढचं कळलं. अण्णा गाऱ्हाणं घालणार होते. मालवणी माणूस देवाकडे नुसतं मागत नाही, रीतसर गाऱ्हाणं घालतो. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. तसं म्हणणारं कोणी नसेल, तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही. त्या व्हरांड्यात अण्णा सोडून दुसरा मालवणी माणूस एकच होता.

"बा देवा म्हाराजा," अण्णांचा आवाज घुमला. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा," चंद्रप्रकाश म्हणाला. लहानपणापासून अंगात भिनलेलं. जीभ विचारायला थांबली नाही.

"आज हो जो माझो गुंडू, मुक्या जनावर, घराची राखण करणारो, तेच्यावर जो काय आघात झालो हा, तेतूरसून तेका सोडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी मागून भीमराजचाही आवाज आला. मालवणी नसला तरी देवाचं काम चाललंय हे त्याला कळत होतं.

"आणि ज्या कोणी ह्या केल्यान, मगे तो बोको असांदे, माणूस असांदे, घरचो असांदे, दारचो असांदे..."

"होय म्हाराजा!"

"...तेका दिवसाचा अन्न आणि रातीची झोप गोड लागू नये रे म्हाराजा!"

आता झाडाखालचे सगळेच उठून आले होते. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, घसा फोडून, "होय म्हाराजा!" असं जो म्हणाला तो चंद्रप्रकाश होता. म्हणून झाल्यावर त्याला ऐकू आलं, की आपण काय म्हणालो. स्वतःवरच्या शापाला स्वतःच होकार देऊन, मुठीत शेपूट धरून तो उभा राहिला. मार्सेलिना बोक्याच्या कानावर हात ठेवून पुटपुटत होती, "घाबरू नको बाळा, तुझ्यासाठी नाय ते."

डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या. "आठवलं काही? नाही? मग चावा धरून चालते. उघडी ठेवते. पण आजोबा, आशा ठेवू नका."

अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा त्या क्षणी इतका म्हातारा दिसला, की चंद्रप्रकाशला तो बघवेना.

"शिवा," तो म्हणाला.

"काय?"

"शिवा, डॉक्टर. चावा नाही. दरवाजा होता. पत्र्याचा. मी पायाने ढकलला. दोन्ही हातांत बादल्या होत्या, मी मागे बघितलंच नाही." एकदा खरं बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "बोका तिथे नव्हताच. बोक्याचं नाव अनुपमाने सुचवलं, पण घेतलं मी. आणि रिक्षावाल्याला ड्रॉइंगचं सामान म्हणालो, तेही खोटं."

आवारात एक म्हैस फुरफुरली. डॉक्टर एक शब्द न बोलता टी-स्क्वेअर उचलून आत गेल्या. शेपूट हातात असल्यामुळे चंद्रप्रकाशलाही आत जावं लागलं. मार्सेलिनाने कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस काढला आणि सायमनचं डोकं कुरवाळलं. "ऐकलंस ना? निर्दोष."

अकरा टाके पडले. प्रत्येक टाक्याला शेपूट मुठीत आवळली जायची आणि प्रत्येक टाक्याला चंद्रप्रकाश ओठ चावायचा. शेवटची गाठ मारून डॉक्टर म्हणाल्या, "आता सोडलीत तरी चालेल." त्याची बोटं सरळ व्हायला बराच वेळ लागला.

"पंधरा दिवस इथे पेटीत राहील," डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं. "मग टाके काढून जंगलखात्याच्या माणसाकडे देईन. तो तिला डोंगरात सोडेल. साप घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, आजोबा. आणि त्या पत्र्याच्या दारांत ती जगायचीही नाही."

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी गुंडूच्या डोक्यावर एक बोट ठेवलं. "झाडां आसत ना थंय?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ."

"मगे जांवदे." ते वळले आणि व्हरांड्यात आले. पण पायरी उतरेनात. गाऱ्हाणं एकदा गेलं की मागे घेता येत नाही, आणि मघाचं गाऱ्हाणं गेलं होतं पोटच्या पोरावर. त्यांनी पुन्हा चपला काढल्या, पुन्हा टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा! मगाशी मी जा काय बोललंय, ता रागान बोललंय. लेकराकडना काय चुकला माकला असात, ता पोटात घाल आणि लेकराक सांभाळून घे रे म्हाराजा!"

होय म्हणायची पाळी चंद्रप्रकाशची. पण तो पाठ फिरवून बाहीने डोळे पुसत होता. गाऱ्हाणं हवेत लोंबत राहिलं. अण्णांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"आमेन," मार्सेलिना ठासून म्हणाली.

"होय महाराज," भीमराज म्हणाला.

देवाने ते चालवून घेतलं असावं.

मग परतीची रिक्षा. भांडुपचा फाटा आला तसे अण्णा एकदम वळले, मधे बसलेल्या मार्सेलिनाच्या पुढून वाकले आणि थेट चंद्रप्रकाशच्या तोंडाकडे बघून म्हणाले,

"पायान दार ढकलतंस? मी शिकवलंय तुका ह्या?"

चंद्रप्रकाश दचकला. "नाही, अण्णा."

"लहानपणापासून तसोच तू! मागे बघूक नको, पुढे बघूक नको. बारा वर्सां फणसाक थांबलंव आम्ही, तुका आणखी दोन म्हयने थांबूक काय झाला होता? न्हाणी खंय पळान जात होती? माका इचारलंस? एक कार्ड टाकूक हात मोडले होते?"

"चुकलं, अण्णा."

"चुकला म्हणता! मोठो ड्राफ्ट्समन!"

नाहूर येईपर्यंत ते थांबले नाहीत. चौदा महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. त्यात फणस होता, न्हाणी होती, सहावीत नापास झाल्याचंही होतं. मार्सेलिना एकदा म्हणाली, "पालव, जरा दमाने घ्या," तर तिलाही "तू गप" मिळालं. चंद्रप्रकाश खाली मान घालून ऐकत होता. त्याला आयुष्यात कोणी इतकं झापलं नव्हतं आणि त्याला आयुष्यात इतकं बरं वाटलं नव्हतं.

अनुपमा चहाचा कप घेऊन दारातच उभी होती. "अण्णा, काय झालं? जगला ना?"

अण्णा तिच्यावरून सरळ पुढे गेले. बाकड्यावर बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले,

"चंदू, तुझ्या बायलेक सांग, गुंडू जगतलो. आणि तिका सांग, मुक्या बोक्यावर आळ घालूची बुद्धी जेका सुचली, तेच्याकडे माका काय एक बोलूचा नाय."

अनुपमा त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. सगळं खरं बोलायच्या भरात आपण जरा जास्तच खरं बोललो, हे त्याला आत्ता कळलं. तिने कप आत नेऊन ओट्यावर आपटला, त्यावर बशी उपडी घातली आणि तिथूनच म्हणाली,

"अहो, अण्णांना सांगा, चहा झाकून ठेवलाय. घ्यायचा तर घ्या म्हणावं."

चंद्रप्रकाश दोघांच्या मधोमध उभा होता. त्याने घसा साफ केला.

"अण्णा, ती म्हणतेय, चहा झाकून ठेवलाय."

अण्णांनी थोडा वेळ भिंतीचा विचार घेतला.

"तिका सांग," ते म्हणाले, "थंड झाली असतली. परत गरम कर म्हणान."